भूकंपाचे भय आणि कुतूहल

(शिक्षक, ग्रामसेवक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे झालेले व्याख्यान)



नैसर्गिक आपत्ती अनेक आहेत, परंतु माणसाच्या मनात भूकंपाचे स्थान इतर सर्व आपत्तींहून वेगळे आहे. पूर येतो तो नदीच्या वाटेने. आधी आभाळ भरून येते, पाणी गढूळ होते आणि घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या ते काठावरची म्हातारी माणसे मोजत उभी राहतात. दुष्काळ तर पावलापावलाने येतो. त्याची चाहूल मृगापासूनच लागते. भूकंपाला वाट नाही आणि वेळही नाही. ज्या जमिनीवर पाय रोवून बाकीच्या संकटांना तोंड द्यावयाचे, तीच जमीन हलू लागते. बहुतेक वेळा सारे काही अर्ध्या-एक मिनिटात संपून जाते. घरातील कर्त्या माणसाला काही सुचण्यापूर्वीच जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते.

या भयाच्या जोडीला एक विलक्षण ओढही असते. महाराष्ट्रात कोठेही धक्का जाणवला की चहाच्या हॉटेलापासून जिल्हा कचेरीपर्यंत पहिला प्रश्न एकच निघतो, "किती रिश्टरचा होता?" मांडणीवरची भांडी कशी वाजली, पाळणा आपोआप कसा हलला, कुत्री आदल्या रात्री कशी रडत होती, याच्या कथा महिनोन्‌महिने सांगितल्या जातात. सांगणाऱ्याच्या आवाजात भीती असते तसा थोडा अभिमानही असतो. यात हसण्यासारखे काही नाही. जे आकलनात येत नाही त्याभोवती मन घिरट्या घालते, हा मनुष्यस्वभावच आहे. प्रश्न एवढाच आहे की हे भय आणि हे कुतूहल वळते कोणत्या दिशेला? ते तिथीकडे, ग्रहांकडे आणि अफवांकडे वळते, की डोक्यावरच्या छपराकडे आणि शेजारच्या भिंतीकडे? महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो माणसांचे जीवित अवलंबून राहिले आहे.

शेषनाग, मासा आणि पाप

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे आणि त्याने भार बदलला की ती हलते, ही कल्पना घरोघरी ठाऊक आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी एवढ्यावरच समाधान मानले असे समजण्याचे कारण नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त भूकंपाच्या लक्षणांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. आपले मत सांगण्याआधी त्याने इतरांची मते नोंदविली आहेत. कोणी म्हणतात, पाण्यात राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांमुळे भूमी हलते. कोणी म्हणतात, पृथ्वीच्या भाराने थकलेले दिग्गज विसावा घेतात तेव्हा ती हलते. काहींच्या मते वाऱ्यावर वारा आदळून जमिनीवर कोसळतो, तर काहींच्या मते हे सारे अदृष्टाचे काम असते. उत्तरे आज टिकत नाहीत, हे खरे. तरी एकाच प्रश्नाची चार उत्तरे शेजारी शेजारी मांडण्याची ही वृत्ती आजच्या अनेक सुशिक्षितांनीही घ्यावी अशी आहे.

जपानी लोकांच्या कल्पनेत भूकंप घडविणारा एक अजस्र मासा जमिनीखाली असतो. १८५५ मध्ये एदो शहराला, म्हणजे आजच्या टोकियोला, मोठा भूकंप झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच या माशाची रंगीत चित्रे छापून शेकड्यांनी विकली जाऊ लागली. काही चित्रांत लोक माशाला बडवीत आहेत, तर काहींत सुतार आणि गवंडी त्याची सरबराई करीत आहेत, कारण घरे पडली म्हणजे त्यांना काम मिळते! भय, थट्टा आणि समाजावरचे शेरे यांचे असे मिश्रण आपत्तीनंतर सर्वत्र आढळते.

आपत्तीला नैतिक अर्थ देण्याची प्रवृत्ती मात्र अधिक गंभीर होय. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक होते, तरीही त्यांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात. नीतीशी त्यांची सांगड घातल्यास लोकांच्या अविचाराला बळ मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते आपल्या 'हरिजन' पत्रात छापले आणि उत्तरही दिले. दोघांचाही हेतू लोककल्याणाचाच होता. परंतु त्या वादाचा व्यावहारिक भाग आजही शिल्लक आहे. भूकंप पापाने होतो असे एकदा मानले की भिंत कशी बांधली होती हे विचारण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

अष्टग्रही आणि कोयना

याच संदर्भात १९६२ सालच्या फेब्रुवारीची आठवण करणे उचित होईल. त्या महिन्याच्या ३ ते ५ तारखांना मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार होते. पृथ्वीवर प्रलय होणार, भूकंप होणार अशी आवई देशभर उठली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, जपजाप्य झाले, प्रवास रद्द झाले. ५ तारीख आली तशी गेली.

त्याच सुमारास सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले होते, आणि १९६२-६३ पासून परिसरातील लोकांना लहान लहान धक्के जाणवू लागले. देश आकाशाकडे पाहून भयभीत झाला होता, तेव्हा खरी सूचना पाटण तालुक्यातील घरांच्या जोत्याखालून येत होती. तिची दखल घेऊन यंत्रे बसविली गेली आणि नोंदी सुरू झाल्या, हे प्रशासनाच्या आणि शास्त्रज्ञांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचाहून अधिक परिमाणाचा धक्का बसला. त्यानंतर ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या पुढे मुख्य भूकंप झाला. त्याचे परिमाण ६.३ इतके मानले जाते. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे दगावली. वीजनिर्मिती थांबल्यामुळे मुंबईच्या उद्योगांपर्यंत त्याची झळ पोहोचली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला भेगा गेल्या, परंतु धरण उभे राहिले. पुढे त्याचे मजबुतीकरण करण्यात आले.

जलाशयामुळे भूकंप होतो म्हणजे काय, याविषयी गावोगाव बराच गैरसमज आहे. पाण्याच्या वजनाने जमीन फुटते, असा तो समज. वस्तुस्थिती अशी की खोल खडकात जुन्या भेगा असतात आणि त्यांच्यावर हजारो वर्षांचा ताण साठलेला असतो. जलाशयाचे पाणी झिरपत खाली जाते, भेगेच्या दोन्ही अंगांना बाहेर रेटणारा दाब वाढवते आणि त्यांची परस्परांवरील पकड सैल करते. ताण निसर्गाचा असतो. पाणी केवळ निमित्त होते. जगातील शेकडो धरणांच्या परिसरात असे काही घडले नाही, त्याचे कारण हेच. अशा प्रकारच्या भूकंपांत कोयनेचा भूकंप जगात सर्वांत मोठा गणला जातो. तेव्हापासून त्या पट्ट्यात पाचाहून अधिक परिमाणाचे वीसहून अधिक धक्के बसले आहेत. १९८५ नंतर वारणेचा जलाशय भरू लागला, तशी धक्क्यांची केंद्रे दक्षिणेकडेही सरकली. या सर्वाचा जागेवरच अभ्यास व्हावा म्हणून कऱ्हाड येथे केंद्र सरकारची संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र पाडून पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण भेदल्यावर त्याखालचा ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. मानवी कुतूहलाचे हे सर्वांत उपयुक्त रूप म्हणता येईल.

परिमाणाचा उल्लेख झाला आहे, तेव्हा शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी अशी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. परिमाणाचा आकडा एकाने वाढला म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते, आणि दोनाने वाढला म्हणजे सुमारे हजार पटींनी. "लहान धक्के बसले ते बरे झाले, पोटातला जोर निघून गेला," असे खेड्यापाड्यांत हमखास ऐकू येते. परंतु सहा परिमाणाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघून जाण्यासाठी चार परिमाणाचे हजार धक्के बसावे लागतील. हा दिलासा ज्यांनी एकमेकांना दिला, त्यांतील अनेक गावांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

किल्लारी

मराठवाड्याचा दक्षिण भाग हा भूकंपाच्या दृष्टीने देशातील अत्यंत सुरक्षित प्रदेश समजला जात असे. त्या काळच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारी आणि आसपासच्या गावांना एकामागून एक धक्के बसले. जमिनीतून गडगडाट ऐकू येई. १८ ऑक्टोबरचा धक्का तर भिंतींना तडे जाण्याइतका होता. लोक घाबरले आणि उघड्यावर झोपू लागले. पुढे धक्के विरळ झाले. शेतीची कामे, लग्नसराई आणि पाऊस यांत भीती ओसरली आणि माणसे पुन्हा त्याच छपरांखाली झोपावयास गेली. यात त्यांची काही चूक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. उघड्यावर किती महिने झोपणार? आणि घरात परतण्यापूर्वी घरात काय बदल करावा, हे त्यांना सांगावयास कोण गेले होते?

ते घर कसे होते, हे नीट पाहिले पाहिजे. दगड त्या भागात विपुल, लाकूड महाग, उन्हाळा कडक. म्हणून भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, ओबडधोबड गोट्यांच्या, चिखलात रचलेल्या. बाहेरून एक पाख, आतून एक पाख, आणि मध्ये खडी व मातीची भर. दोन्ही पाखांना जोडणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. वर लाकडी खण आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. माळवद गळू लागले की त्यावर आणखी माती टाकावयाची, अशी पद्धत. बापाने टाकली, मुलाने टाकली, आणि थर दीड-दोन फुटांचा झाला. घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार आणि चोरापासून सुरक्षित असे. मालकाच्या प्रतिष्ठेला शोभेल असा वाडा असेल तर भिंत अधिकच जाड. या घराची भीती कोणालाच वाटत नव्हती. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, आणि ऊन, पाऊस व दरोडा यांच्या बाबतीत तो खराही होता.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. केंद्र फार खोल नव्हते, त्यामुळे जवळच्या गावांना हादरा पुरा बसला. भिंतीची दोन पाखे एकमेकांपासून सुटली, मधली भर कोसळली, आणि वरची कित्येक टन माती झोपलेल्या माणसांवर आली. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ अशा गावांतून, सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. माती इतकी बारीक होती की ढिगाऱ्यात हवेला पोकळी उरली नाही. काही घरांचे लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या. पडल्या होत्या त्या केवळ भिंती. एवढ्याच परिमाणाचे भूकंप जगात दरवर्षी शंभराच्या आसपास होतात आणि त्यांपैकी बहुतेकांत फारशी जीवितहानी होत नाही. किल्लारीला माणसे मेली ती मुख्यतः घरामुळे.

पहिल्या काही दिवसांत मदतीबरोबर दुसरीही एक गर्दी त्या रस्त्यांवर लोटली. ती बघ्यांची होती. ट्रक, जीप आणि मोटारसायकली भरभरून लोक नुसते पाहावयास येत होते. मदतीच्या गाड्यांना वाट मिळेना, तेव्हा पोलिसांना त्यांना आवरावे लागले. या गर्दीतील सगळेच निर्दय होते असे नाही. मृत्यू इतक्या मोठ्या प्रमाणावर येऊन गेल्यावर तो कसा दिसतो, हे पाहण्याची ओढ अनावर असते. तथापि ज्या कुतूहलाला काही काम दिलेले नसते, ते लवकरच उपद्रव होऊन बसते.

यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने जो पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, त्याची माहिती बहुतेकांना आहे. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. त्याखेरीज अनेक जिल्ह्यांतील दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती, मजबुतीकरण किंवा फेरबांधणी झाली. या दुसऱ्या कामाचा गाजावाजा कमी झाला, पण शिकण्यासारखे त्यातच अधिक आहे. माळवदावरची माती उतरवून थर पातळ करणे, पाणी झिरपू नये म्हणून मातीखाली प्लास्टिकचा कागद अंथरणे, भिंतीच्या दोन पाखांत आरपार सांधे बसविणे, दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना कवेत घेणारा सिमेंट काँक्रीटचा सलग पट्टा फिरविणे: या गोष्टी गावचा गवंडी आणि घरधनी मिळून करू शकतात. गावकऱ्यांशी बोलण्यासाठी स्त्रियांची 'संवाद सहायक' म्हणून निवड करण्यात आली. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी घरोघर जाऊन हे समजावून सांगितले. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा त्यांच्यापैकी काही जणी तेथील भगिनींना आपला अनुभव सांगावयास गेल्या. भय ज्ञानात रूपांतरित झाल्याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही.

त्याबरोबरच एक उलट परिणामही झाला. भूकंपात दगड अंगावर पडले, म्हणून दगडाचीच भीती बसली. वस्तुतः दोष दगडाचा नसून रचनेचा होता. नीट घडविलेला, सांधलेला आणि पट्ट्याने बांधलेला दगड धोक्याचा नसतो. उलट, पट्टा न घातलेली विटांची किंवा सिमेंट ठोकळ्यांची भिंत धोक्याची असते. तरीही 'स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षित' असा नवा विश्वास रूढ झाला, आणि तो जुन्या विश्वासाइतकाच आंधळा आहे.

नकाशाचेही तसेच. २००२ साली भारतीय मानकात पहिला विभाग रद्द करण्यात आला, म्हणजे देशात भूकंपाची शक्यता अगदी नगण्य असा प्रदेशच नकाशावर उरला नाही. "आमच्याकडे भूकंप होत नाही" हे वाक्य त्या दिवसापासून अधिकृतरीत्या कालबाह्य झाले. बोलण्यातून मात्र ते अजून गेलेले नाही.

ओढ आणि ओळख

कुतूहल आणि ज्ञान यांतील अंतर किती जीवघेणे ठरू शकते हे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत दिसले. सुमात्राच्या किनाऱ्यालगत समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला. अनेक किनाऱ्यांवर लाट येण्यापूर्वी समुद्र मागे हटला आणि तळाची वाळू व मासे उघडे पडले. हे नवल पाहण्यासाठी माणसे, विशेषतः मुले, पुढे धावली. मागे हटलेला समुद्र परत येतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

सुमात्रालगतच्या सिमेउलू बेटावर याच्या उलट घडले. १९०७ साली त्या बेटावर अशीच लाट येऊन पुष्कळ माणसे मेली होती. तेव्हापासून तेथील आज्या नातवंडांना 'स्मोंग'ची कथा सांगत आल्या: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की काही न पाहता डोंगर गाठावयाचा. २००४ मध्ये ते बेट केंद्राच्या अगदी जवळ असूनही सुमारे ७८ हजार वस्तीपैकी अवघी सात माणसे दगावली. तिकडे थायलंडमध्ये फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी सुटीसाठी आली होती. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गात त्सुनामीची लक्षणे शिकविली होती. समुद्राचे पाणी फेसाळताना पाहून ती ओरडू लागली. आईवडिलांनी आणि पहारेकऱ्याने तिचे ऐकले, आणि तो किनारा वेळीच मोकळा झाला. एकीकडे आजीची कथा, दुसरीकडे भूगोलाचा तास. यांपैकी एक तरी साधन महाराष्ट्रातील प्रत्येक गावात उपलब्ध आहे.

शाळेच्या संदर्भात २६ जानेवारी २००१ ची घटना मात्र जड मनाने सांगावी लागते. कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीसाठी निघालेली शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीतून जात असताना सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूकंप झाला. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. ही मुले घरात नव्हती, बाहेर होती. 'भूकंप झाला की बाहेर पळा' हा उपदेश अर्धाच आहे, हे यावरून ध्यानात येईल. बाहेर म्हणजे मोकळे मैदान. दोन उंच भिंतींमधील बोळ म्हणजे बाहेर नव्हे.

अफवेची रात्र

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, धक्क्यांची मालिका सुरू झाली. ठाणे जिल्ह्यात भातसा जलाशयाच्या भागात १९८३ मध्ये असेच घडले होते. पालघरचे बहुतेक धक्के लहान होते. सर्वांत मोठे चारच्या आसपास परिमाणाचे. राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने यंत्रे बसविली आणि प्रशासनाने तंबू दिले. आदिवासी पाड्यांतील कुटुंबांनी थंडीच्या रात्री बाहेर काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी धक्का बसताच घराबाहेर धावताना पडून एक दोन वर्षांची मुलगी दगावली. घर तिच्यावर पडले नव्हते.

अशा दिवसांत गावात भविष्यवाणीला ऊत येतो. "आज रात्री दोन वाजता मोठा होणार" असा निरोप पूर्वी तोंडोतोंडी जाई, आता तो मोबाईलवरून क्षणात जिल्हाभर पसरतो, आणि बहुधा एखाद्या मोठ्या संस्थेचे नाव त्याला चिकटविलेले असते. भूकंपाचा दिवस, वेळ आणि जागा आधी सांगण्याची विद्या आज जगात कोणाजवळही नाही, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कायमचे लिहून ठेवण्यास हरकत नसावी. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हैचेंग येथे भूकंपापूर्वी लोकांना बाहेर काढण्यात यश आले, तेव्हा ही विद्या हाती आली असे जगाला वाटले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, त्याच देशातील तांगशान शहर कोणत्याही इशाऱ्याविना जमीनदोस्त झाले आणि अधिकृत आकड्याप्रमाणे दोन लाख बेचाळीस हजार माणसे गेली. म्हणून ज्या निरोपात तारीख आणि वेळ आहे तो निरोप खोटा, अशी सोपी कसोटी सांगता येते. शास्त्रज्ञ सांगतात ती शक्यता, आणि तीही प्रदेशाची व वर्षांची. रात्रीच्या दोनची नव्हे.

तथापि अफवा खोटी आहे एवढे सांगून भागत नाही. घाबरलेल्या माणसाला "घाबरू नका" हे शब्द सर्वांत निरुपयोगी असतात. त्याला काहीतरी करावयास दिले पाहिजे. दाराच्या वाटेत ठेवलेली पिंपे, पोती आणि सायकल हलविणे, उशाशी बॅटरी ठेवणे, अंगणातून मैदानाकडे जाणारी वाट अंधारात पायांना ठाऊक करून घेणे, शाळेतील कपाटे भिंतीला पक्की करणे, पोटमाळ्यावरची जड वस्तू खाली घेणे ही कामे एका दिवसाची आहेत. मुलांनी कोणाचा हात धरावयाचा हे आधी ठरलेले असले, तर काळोखातली धावपळ निम्मी कमी होते. भीतीचे हे काही आठवडेच असे असतात की गाव भिंतीविषयी ऐकून घेते. भीती ओसरली की सभेला कोरमसुद्धा जमत नाही, हा अनुभव पंचायत सदस्यांना नव्याने सांगावयास नको. म्हणून धक्के चालू असतानाच गवंड्यांचा वर्ग घेणे, दोन-चार घरांच्या माळवदांचे थर प्रत्यक्ष मोजणे आणि एका घराचे मजबुतीकरण सर्वांदेखत करून दाखविणे, हे पत्रके वाटण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीच्या परिसरात लोक उघड्यावर झोपत होते, तो असाच काळ होता.

आज किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला जुन्या गावाजवळच्या स्मृतिस्थळी श्रद्धांजली वाहिली जाते. त्यानंतर जन्मलेली मुले आता स्वतः संसारी झाली आहेत. पुनर्वसित गावांतील घरे कुटुंब वाढले तशी अपुरी पडू लागली, आणि त्या घरांना लागून नव्या खोल्या चढल्या. सरकारने बांधून दिलेल्या मूळ घरांना पट्टा आहे. मागाहून जोडलेल्या अनेक खोल्यांना तो नाही. कोठे जुन्या गावातून आणलेले दगड पुन्हा मातीत रचले आहेत, तर कोठे ठोकळ्यांच्या भिंतीवर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवलेले पत्रे आहेत. या खोल्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या वहीत होते. भिंतीला पट्टा आहे की नाही, हे लिहिण्यासाठी त्या वहीत अद्याप रकाना नाही. तो आखून घेण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागेल असे वाटत नाही. ज्या शाळेत सहावी-सातवीची मुले आहेत, त्या गावात ही पाहणी एका शनिवारी दुपारपर्यंत पुरी होईल.